काड्या भरलेल्या, फोन मात्र लागत नाही: टॉवरवरच्या चॅनेलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणत्या टॉवरला कोणती फ्रिक्वेन्सी द्यायची आणि त्यावर किती चॅनेल, म्हणजे बोलण्याच्या वाटा, उघडायचे, हे ठरवण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. त्याला रेडिओ प्लॅनिंग म्हणतात. आता यवतमाळ जिल्ह्यात, गावी राहतो. आमच्या ग्रामसभेने एकदा ठराव केला: ‘गावात टॉवर येत नाही.’ कंपनीचं उत्तर आलं: ‘आपल्या गावात समाधानकारक कव्हरेज उपलब्ध आहे.’ गाव चिडलं. पण त्या पत्रात खोटं काही नव्हतं आणि गावाचीही तक्रार खरी होती. कंपनी रेंजबद्दल बोलत होती आणि गावाला कमी पडत होती जागा, म्हणजे एका वेळी बोलायला लागणारे चॅनेल. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळलं नाही, तर तक्रार चुकीच्या टेबलावर जाते आणि तिथेच राहते. म्हणून पारावर, बाजारात, लग्नाच्या मांडवात लोकांनी मला जे विचारलं, ते इथे उत्तरांसह लिहून ठेवलं आहे.

काड्या फुल हायेत, मंग फोन काऊन लागत नाही?

कारण काड्या चॅनेल मोजत नाहीत. टॉवर एक सिग्नल सतत सोडत असतो, कोणी बोलो न बोलो. तुमचा फोन त्याची ताकद मोजतो आणि काड्या दाखवतो. बोलायला चॅनेल रिकामा आहे का, हे त्याला फोन लावेपर्यंत ठाऊक नसतं.

कापसाच्या हंगामात जिनिंगचे दिवे दोन कोसांवरून दिसतात. पण वजनकाटा मोकळा आहे की नाही, हे बंडी घेऊन फाटकापाशी गेल्यावरच कळतं. तसंच इथे. फरक एकच, आणि तो मोठा आहे. जिनिंगवर बंड्या रांगेत थांबतात, रात्रभर का होईना. २जीच्या टॉवरवर बोलण्यासाठी रांग नसते. सगळे चॅनेल भरलेले असले की तुमचा कॉल परत पाठवला जातो. पुन्हा लावा, पुन्हा नशीब.

येणाऱ्या फोनचंही तसंच. तुमच्या टॉवरवर जागा नसेल तर पुण्याहून फोन करणाऱ्या मुलाला बहुतेक वेळा ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ असंच ऐकू येतं. आई अंगणात बसलेली असते, फोन हातात, काड्या चार. मुलगा तिकडे काळजीत. हे मी आमच्याच घरात पाहिलं आहे.

एका टायमाले एका टॉवरवर किती जन बोलू शकतात?

जुन्या २जी टॉवरचं गणित अगदी स्पष्ट आहे, म्हणून तिथून सुरू करतो. जीएसएममध्ये, म्हणजे २जीच्या पद्धतीत, एक कॅरियर, म्हणजे फ्रिक्वेन्सीची एक पट्टी, २०० किलोहर्ट्झ रुंदीचा असतो. त्याचे वेळेनुसार ८ तुकडे पाडतात, त्यांना टाइमस्लॉट म्हणतात. प्रत्येक बोलणाऱ्याला एक तुकडा. पहिला तुकडा टॉवरच्या स्वतःच्या कारभाराला जातो: मी इथे आहे हे सांगणं, फोन कुठे आहे याची नोंद, कोणाला कोणता चॅनेल द्यायचा त्याचे निरोप. उरले ७.

टॉवरला साधारणपणे तीन दिशांना तोंड केलेले अँटेना असतात. प्रत्येक दिशेचा भाग म्हणजे एक सेक्टर. प्रत्येक सेक्टरला एकच कॅरियर असेल तर एका वेळी ७ आणि ७ आणि ७, असे २१ जण बोलू शकतात. पण हे २१ चॅनेल एका थैलीत नसतात. बाजार उत्तरेच्या सेक्टरमध्ये भरला असेल, तर दक्षिणेकडच्या शेतांवर रोखलेले ७ चॅनेल रिकामे असूनही बाजाराच्या सहसा उपयोगी येत नाहीत.

फक्त ७? मग शेकडो लोकांचं भागतं कसं?

सगळे एकाच वेळी बोलत नाहीत म्हणून. आणि हे ‘एकाच वेळी बोलत नाहीत’ नेमकं किती, याचं गणित शंभर वर्षांपूर्वीच झालं आहे.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे आग्नेर क्रारुप एरलांग हे डॅनिश गणिती. १९०९ आणि १९१७ साली त्यांनी टेलिफोनच्या गर्दीवर निबंध लिहिले. तारा किती लागतील, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांचंच नाव पुढे गर्दी मोजण्याच्या एककाला मिळालं. एक चॅनेल तासभर सलग व्यापलेला असेल तर तो १ एरलांग. दिवसातल्या सर्वांत गर्दीच्या तासात, म्हणजे बिझी अवरला, एक माणूस ९० सेकंद बोलतो असं धरा. ३,६०० सेकंदांत ९० सेकंद म्हणजे ०.०२५ एरलांग.

आता एरलांगचं सूत्र सांगतं की ७ चॅनेल असतील आणि १०० पैकी २ कॉल परत गेले तरी चालतील असं मान्य केलं, तर साधारण २.९४ एरलांग गर्दी पेलते. ०.०२५ ने भागा. सुमारे ११७ माणसं.

त्याच सेक्टरमध्ये दुसरा कॅरियर टाकला आणि बोलायला १४ चॅनेल झाले, तर ८.२ एरलांग पेलते. म्हणजे ३२८ माणसं. चॅनेल दुप्पट, माणसं मात्र पावणेतीनपटीच्या वर. मोठ्या समूहात एकाचं संपतं तेव्हा दुसऱ्याचं सुरू होतं, त्यामुळे रिकामा वेळ वाया कमी जातो. आमच्यासारख्या गावांचं नुकसान इथेच आहे. लहान टॉवरला लहान समूह, आणि लहान समूहात तोच एक चॅनेल कमी माणसांच्या कामी येतो. शहरातला चॅनेल गावातल्या चॅनेलपेक्षा जास्त कमावतो, आणि कंपनीचा पैसा कुठे जातो ते तुम्ही ओळखा.

बाजाराच्या दिवशीच जास्त काऊन होते?

वरचंच गणित पुढे न्या. ११७ माणसांच्या सेक्टरमध्ये बाजाराच्या दिवशी दुपारी ३०० जण आले. प्रत्येकाचे तेच ९० सेकंद. गर्दी झाली ७.५ एरलांग, चॅनेल तेच ७. सूत्र सांगतं की १०० पैकी जवळपास २८ कॉल परत जातील. माणसं अडीचपट झाली, परत जाणारे कॉल चौदापट.

आणि परत गेलेला माणूस गप्प बसत नाही. तो लगेच पुन्हा लावतो. त्यामुळे खरी गर्दी सूत्रापेक्षाही वाढते, आणि चॅनेल मागण्याचे निरोप ज्या वाटेने जातात ती वाटही तुंबते. एकदा ती तुंबली की बोलण्याचा एखादा चॅनेल रिकामा असूनही तुमच्यापर्यंत पोचत नाही. फोन लागला नाही तर मिनिटभर थांबून लावा, असं मी सांगतो तेव्हा लोकांना ते टाळण्यासारखं वाटतं. पण दहा जण थांबले तर दहाही जणांचं लवकर होतं.

हवा तर मोकळीच आहे. मंग आनखी चॅनेल टाकाले काय होते?

हवा मोकळी आहे, पण तीत वापरायच्या फ्रिक्वेन्सी मोजून मिळतात. त्यांना स्पेक्ट्रम म्हणतात. सरकार लिलाव करतं, तोही सर्कलनुसार. देशात अशी २२ सर्कल आहेत. मुंबई वेगळी आणि आपला विदर्भ ‘महाराष्ट्र’ सर्कलमध्ये, गोव्यासकट. कंपनीच्या हाती जेवढी रुंदी, तेवढ्यातच साऱ्या टॉवरांचं भागवायचं.

म्हणून तीच फ्रिक्वेन्सी पुन्हा पुन्हा वापरावी लागते. १९४७ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत ही कल्पना कागदावर आली: प्रदेशाचे षटकोनी तुकडे पाडा, शेजारच्या तुकड्यांना वेगळ्या फ्रिक्वेन्सी द्या, आणि पुरेसं अंतर सोडून पहिलीच पुन्हा लावा. या तुकड्याला सेल म्हणतात.

ज्यांनी बुलढाण्याकडे कापसाचं बीजोत्पादन घेतलं आहे त्यांना हे लगेच समजतं. बियाण्याच्या प्लॉटला विलगीकरण अंतर ठेवावंच लागतं, नाहीतर शेजारच्या वाणाचा पराग येऊन बियाणं भेसळ होतं. फ्रिक्वेन्सीचंही विलगीकरण अंतर असतं. सात सेलचा गट केला, तर एकच फ्रिक्वेन्सी वापरणाऱ्या दोन सेलमधलं अंतर सेलच्या त्रिज्येच्या सुमारे ४.६ पट येतं. तीनचा गट केला तर ३ पट. गट लहान केला की प्रत्येक सेलच्या वाट्याला जास्त चॅनेल येतात, पण भेसळ वाढते आणि बोलणं खरखरतं, तुटतं. प्लॅनिंग म्हणजे दिवसभर या दोन टोकांमध्ये ओढाताण.

विदर्भात ही ओढाताण जागोजागी बदलते. काळ्या मातीच्या सपाट पट्ट्यात लहरी अडत नाहीत, म्हणून दूरचा टॉवर नको तेव्हा ऐकू येतो. थंडीच्या पहाटे जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार थर बसला की लहरी नेहमीपेक्षा बऱ्याच लांब जातात. अशा पहाटे तक्रारी यायच्या आणि दहा वाजता आपोआप मिटायच्या. मेळघाटात उलटं. डोंगर आणि सागाचं जंगल लहरी अडवतात, त्यामुळे तिथे भेसळ कमी, पण दरीतल्या पाड्यापर्यंत सिग्नलच पोचत नाही. मेळघाटाचं दुखणं खरोखर रेंजचं आहे. आमच्या पट्ट्याचं बहुतेक जागेचं.

बाजार आज इथं, उद्या दुसऱ्या गावी. चॅनेल गर्दीच्या मागे फिरवता येत नाहीत का?

येतात. हा या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे.

सर्वांत साधी पद्धत म्हणजे कायमचं वाटप. प्रत्येक सेलला ठरलेले चॅनेल, गर्दी असो नसो. सोमवारी एका गावचा सेल भरून वाहतो आणि चार कोसांवरचा ओस असतो, तरी देवाणघेवाण नाही.

दुसरी पद्धत उसनवारीची. भरलेला सेल शेजारच्या सेलचा रिकामा चॅनेल मागून घेतो. पण उसना घेतलेला चॅनेल आता नव्या जागी वाजणार, म्हणजे त्याचं विलगीकरण अंतर मोडणार. त्यामुळे तोच चॅनेल वापरणाऱ्या आसपासच्या आणखी काही सेलमध्ये तो तेवढा वेळ बंद ठेवावा लागतो. एकाने उसना घेतला आणि दोघातिघांची दारं लागली.

तिसरी, बदलतं वाटप. सगळे चॅनेल एका सामाईक थैलीत. जो कॉल येईल त्याला त्या घडीला भेसळ न करणारा चॅनेल शोधून द्यायचा. गर्दी मध्यम असेल आणि जागा बदलत असेल, तर ही पद्धत सरस ठरते. बाजार, जत्रा, शंकरपट यांच्यासाठी हीच हवी. पण सगळीकडे एकदमच खच्चून गर्दी असेल तर चित्र पालटतं. बदलत्या वाटपात चॅनेल अवघडल्यासारखे, गरजेपेक्षा जास्त अंतरावर विखुरतात आणि नीट आखलेलं कायमचं वाटप पुढे जातं. दिवाळीच्या संध्याकाळी कोणतीही युक्ती चॅनेलची संख्या वाढवत नाही. व्यवहारात दोन्हींची सांगड घालतात: काही चॅनेल पक्के, काही सामाईक.

एसटीत बोलता बोलता फोन कटतो, तेही त्याच ठिकाणी

बस एका सेलमधून दुसऱ्यात जाते तेव्हा पुढच्या सेलमध्ये रिकामा चॅनेल मिळाला नाही की कॉल तुटतो. चालू बोलणं तुटलेलं माणसाला न लागलेल्या फोनपेक्षा जास्त लागतं, म्हणून काही ठिकाणी एखाददुसरा चॅनेल फक्त अशा येणाऱ्या कॉलसाठी राखून ठेवतात. मग गावातल्या माणसाला तो मिळत नाही. कोणाचं तरी कमी होणारच. ठिकाण दरवेळी तेच असेल तर मैलाचा दगड लिहून ठेवा, तक्रारीत फार उपयोगी पडतो.

जत्रेत कंपनी गाडीवरचा टॉवर आणते, तो नेहमीसाठी काऊन ठेवत नाही?

मार्कंड्याची महाशिवरात्र, पोहरादेवीची रामनवमी, शेगावची पालखी, अशा ठिकाणी काही दिवसांत गावाच्या कित्येक पट माणसं येतात. तेवढ्यासाठी चाकांवरचा टॉवर उभा करतात. पक्क्या टॉवरला जागा, वीज आणि मुख्य म्हणजे पाठीमागची, तालुक्यापर्यंतची जोडणी लागते, आणि एरवी तो रिकामा राहील असा हिशेब असतो. याशिवाय २जीमध्ये हाफ रेट नावाची सोय आहे. एका टाइमस्लॉटमध्ये दोघांना बसवतात. चॅनेल जवळपास दुप्पट, आवाज थोडा पडका. जत्रेत आवाज पडका चालतो, फोन लागणं महत्त्वाचं.

४जी आलं, ५जी आलं. आता तरी ही भानगड संपली ना?

रूप बदललं. ४जीमध्ये प्रत्येकाला ठरलेला चॅनेल धरून ठेवावा लागत नाही. पूर्ण रुंदीचे १८० किलोहर्ट्झचे बारीक तुकडे असतात. ५ मेगाहर्ट्झमध्ये असे २५, १० मध्ये ५०, २० मध्ये १००. दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदाला हजार वेळा, टॉवर नव्याने ठरवतो की कोणता तुकडा कोणाला. बदलत्या वाटपाची जी कल्पना वर सांगितली, ती इथे खऱ्या अर्थाने अमलात आली.

त्यामुळे २जीत जो माणूस परत जायचा, तो आता रांगेत उभा राहतो. ‘फोन लागत नाही’ची जागा ‘नेट फिरत राहते’ने घेतली. रात्री आठ ते दहा अख्खं गाव व्हिडिओ पाहतं तेव्हा तुकडे तेवढेच, वाटेकरी वाढतात.

यात एक गोष्ट लोकांना पटत नाही. टॉवरपासून लांब, शेतातल्या घरात बसलेला माणूस तोच व्हिडिओ पाहायला टॉवरखालच्या माणसापेक्षा कितीतरी जास्त तुकडे खातो. सिग्नल कमजोर असला की एका तुकड्यात कमी माहिती बसते, म्हणून तुकडे जास्त लागतात. म्हणजे टॉवर विरळ असतील तर लांबच्यांचं हळू चालतंच, आणि त्यांच्यापायी जवळच्यांचंही. विरळ वस्तीला एकच उंच टॉवर पुरेसा, हा हिशेब इथे चुकतो.

आणि फ्रिक्वेन्सीचा स्वभाव आडवा येतो. ७००, ८००, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, घरात शिरतात, पण तिथे कंपनीकडे रुंदी थोडी असते. ५जीच्या ३,३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रुंदी भरपूर, पण ती पोचते जवळपर्यंतच. तालुक्याच्या गावी मिळणारा ५जीचा वेग दहा किलोमीटरवरच्या गावी का नाही, याचं उत्तर यात आहे.

टॉवर नवा, ४जी दिसते, तरी नेट मुंगीच्या चालीनं?

मग टॉवरच्या पाठीमागे पाहा. टॉवरपासून तालुक्यापर्यंत फायबर किंवा मायक्रोवेव्हची जोडणी असते. ती अरुंद असेल तर पुढे कितीही चॅनेल टाका, सगळं त्या एका नळीतूनच जाणार. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडला की गावंच्या गावं एकदम का जातात, ते यावरून कळेल.

लाईन गेली की काही वेळानं रेंजही जाते

बॅटरी संपते. बंद टॉवरची माणसं शेजारच्या टॉवरवर जातात आणि तोही भरतो. भारनियमनाच्या दिवसांत चांगल्या टॉवरचीही तक्रार येते ती यामुळे.

सिरोंच्यात फोन तेलंगणाचं नेटवर्क पकडतो

नदीपलीकडचा टॉवर जवळ असेल तर पकडणारच. सर्कल बदलतं, लहरींना सीमा कळत नाही. धारणीकडे मध्य प्रदेशाचं असंच. सेटिंगमध्ये नेटवर्क हाताने निवडा, पण घरी आल्यावर परत ‘आपोआप’वर ठेवायला विसरू नका.

दुकानात बूस्टर मिळतो. लावू का?

नका लावू. परवानगीशिवाय लावणं बेकायदेशीर आहे, आणि त्याहून मोठं कारण शेजाऱ्यांचं आहे. स्वस्त बूस्टर टॉवरच्या दिशेने सतत गोंगाट फेकतो. टॉवरला त्या गोंगाटात लांबच्या फोनचा क्षीण आवाज ऐकू येत नाही. एका वाड्यावरच्या बूस्टरमुळे अख्खा सेक्टर आजारी पडलेला मी शोधून काढला आहे. घरमालकाला कल्पनाही नव्हती. त्याच्या चार काड्या होत्या आणि टोकावरच्या पाड्याचे फोन तुटत होते.

सगळ्या कंपन्यांनी एकच टॉवर वापरला तर?

लोखंडी मनोरा बऱ्याच ठिकाणी सामाईकच असतो, चॅनेल मात्र प्रत्येकाचे वेगळे. चॅनेलही एकत्र केले तर काय होईल ते एरलांगलाच विचारू. १०-१० चॅनेलच्या दोन वेगळ्या कंपन्या प्रत्येकी ५.०८ एरलांग पेलतात, मिळून १०.१६. तेच २० चॅनेल एका समूहात घातले तर १३.१८. एक रुपयाचं सामान न वाढवता जवळपास ३० टक्के जास्त.

जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने डिजिटल भारत निधीतून उभारलेल्या ४जी टॉवरांवर अशी सोय सुरू केली. टॉवर एका कंपनीचा असला तरी बीएसएनएल, एअरटेल, जिओ यांचे ग्राहक तो वापरू शकतात. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे दुसरा टॉवर कोसभरातही सापडत नाही, हे फार आधी व्हायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

रातच्याला माणूस बिमार पडला आन् फोन लागत नसला तर?

११२ लावा. तुमच्या कंपनीची रेंज नसेल तरी फोन दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या टॉवरवरून हा कॉल करण्याचा प्रयत्न करतो, आणि तो तातडीचा आहे हे टॉवरला पहिल्या निरोपातच कळतं. नेहमीच्या नंबरांना ही सवलत नसते. माझ्या वडिलांना छातीत दुखायला लागलं तेव्हा गावात सप्ताह चालू होता आणि टॉवर भरलेला. मी ओळखीच्या गाडीवाल्यांना वीस मिनिटं फोन लावत बसलो. ज्याचं पोट या गणितावर चाललं, त्याला त्या रात्री ११२ आठवला नाही. वडील वाचले, ते शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरमुळे. हा नंबर घरातल्या म्हाताऱ्यांना आणि पोरांना आजच पाठ करून द्या.

मंग तक्रार लिहाची कशी?

‘टॉवर येत नाही’ असं लिहू नका. रेंज असेल तर त्याला उत्तर तयार असतं.

आठ दिवस वहीत टिपा: तारीख, वेळ, कुठे उभे होता, काड्या किती, २जी की ४जी, फोन लागला नाही की मध्येच तुटला, कोणती सूचना ऐकू आली. चार घरांनी टिपलं तर चित्र उभं राहतं. मग लिहा: ‘सिग्नल पुरेसा असूनही सायंकाळी ७ ते ९ आणि बाजाराच्या दिवशी कॉल लागत नाहीत. आमच्या गावाच्या दिशेच्या सेक्टरमधील बिझी अवरचं कंजेशन कळवावं आणि क्षमता वाढवावी.’ कंजेशन म्हणजे चॅनेल भरल्यामुळे परत जाणाऱ्या कॉलचं प्रमाण. सेक्टर, बिझी अवर, कंजेशन, क्षमता हे चार शब्द आले की पत्र प्लॅनिंगच्या माणसापर्यंत जातं. ट्राय या दूरसंचार नियामकाने २००९ च्या नियमांत बोलण्याच्या चॅनेलच्या कंजेशनला २ टक्क्यांची मर्यादा घातली होती. वरचं सगळं गणित मी त्याच २ टक्क्यांवर मांडलं आहे.

तक्रारीचा डॉकेट नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, घ्या. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. दूरसंचार विभागाकडे केंद्राच्या तक्रार पोर्टलवरूनही लिहिता येतं.

आमच्या गावाने दुसरा ठराव असाच केला, वहीची पानं जोडून. दोन महिन्यांनी एक मुलगा लॅपटॉप घेऊन गाडीतून गावभर फिरला, आणि पोळ्याच्या आधी बाजाराच्या दिशेच्या सेक्टरमध्ये दुसरा कॅरियर उघडला.